स्वतःचं स्वतः सांगायची लाज कशी गेली? तुम्ही विचारलंत म्हणून

हळदीकुंकवाला कुणी भेटलं तरी, बचत गटाच्या मीटिंगला गेलं तरी, आणि मेसेजमध्ये तर आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, "ताई, आपल्याच मालाचं आपणच ऑनलाइन सांगायला तुम्हाला लाज नाही का वाटत? आणि रोज एवढं पॉझिटिव्ह राहता तरी कसं?" मागच्या आठवड्यात जयसिंगपूरच्या एका वहिनींनी हेच विचारलं. त्या वाकळा (गोधड्या) शिवतात, हात फार सुंदर आहे त्यांचा. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

लाज वाटायची. खूप वाटायची. मी इचलकरंजीची, कांदा-लसूण चटणी करून विकते (पुण्या-मुंबईकडं मसाला म्हणतात, आमच्याकडं चटणीच). २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इथले कापडाचे यंत्रमाग बंद पडले. ज्या गावात रात्री झोपेतसुद्धा मागाचा खडखडाट कानात असतो तिथं एकदम सामसूम, आणि आमचे हे एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, माग बंद म्हणजे पगार बंद. वर्षाच्या चटणीची मिरची घरात येऊन पडलेली होती. डंक (मिरची कुटायच्या गिरण्या) परत सुरू झाले तेव्हा मी नेहमीपेक्षा चार किलो जास्त चटणी करून आणली, म्हटलं बघू कोण घेतंय का.

करणं सोपं होतं हो, ते हातातच होतं. सांगणं जमेना. स्टीलच्या ताटात चटणीचा ढीग केला, फोटो काढला, स्टेटसला लावायचा म्हणून मोबाईल हातात घेतला आणि तीन तास तसाच गेला. जाऊबाई बघतील, माहेरचे बघतील, लेकाच्या वर्गातल्या मुलांच्या आया बघतील, म्हणतील हिच्यावर ही वेळ आली. आणि दुसरं म्हणजे लहानपणापासून कानावर एकच, आपली टिमकी आपण वाजवू नये. आमचे मामंजी रोज दासबोध वाचायचे, त्यातल्या मूर्खलक्षणांत दिलंच आहे, "आपली आपण करी स्तुती" असा जो तो एक मूर्ख. हे मी स्वयंपाकघरातून इतक्या वेळा ऐकलेलं की अंगात भिनलं होतं.

आणि मला मोकळं केलं ते मामंजींनीच. मी मोबाईल घेऊन बसलेय बघून विचारलं काय झालं, मी सांगितलं, दासबोधाचंही सांगितलं. ते म्हणाले, "स्तुती कर म्हणून कोण सांगतंय तुला? त्यात काय घातलंयस ते सांग की."

एवढंच बोलले आणि चहा मागितला. पण मला त्या दिवशी जे कळलं त्यावरच मी आजपर्यंत चाललेय. स्तुती वेगळी आणि माहिती वेगळी. "अप्रतिम चव, एकदा खाल तर परत मागाल" असं मी लिहिणार होते, ते खोडलं आणि लिहिलं, रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी, कांदा तीन दिवस उन्हात वाळवून मग तेलात तळलेला, खोबरं आणि तीळ भाजून, डंकावर कुटलेली. खाली रेट आणि माझा नंबर. यात माझी स्तुती कुठं आहे? मी केलेलं काम आहे फक्त, आणि ते खरं आहे, मग लाज कशाची? त्या पहिल्या दिवशी ४७ जणांनी बघितलं आणि एकानंही काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी पुण्याहून मावसबहिणीच्या मैत्रिणीचा अर्ध्या किलोचा मेसेज आला. तो मेसेज मी देवासमोर ठेवला, खरंच ठेवला, मोबाईल उघडा तसाच.

आता काहीजणी म्हणतात, माल चांगला असला की जाहिरात लागत नाही. मला हे पटत नाही. लिज्जत पापड बघा ना, १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम, मालाला नाव ठेवायला जागा नाही, पण टीव्हीवरची ती सशाची जाहिरात आपल्या पिढीतल्या कुणाला आठवत नाही सांगा. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं असं आपल्याकडं म्हणतात. मला माती विकायची नाहीये, पण माझं सोनं डब्यात पडून राहावं असंही मला वाटत नाही, आणि कुठल्याच बाईचं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

व्हिडिओचंही तेच झालं. २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आले, तेव्हा १५ सेकंदांचे असायचे. लेकानं शिकवलं. आधी मी पॅकेटं ओळीनं मांडून, साडी नेसून, कॅमेऱ्याकडं बघून बोलायची, ते कुणी बघायचं नाही. मग एकदा डंकावर नंबर यायची वाट बघत होते तेव्हा सहज शूट केलं, लोखंडी मुसळं वरखाली धाड धाड पडतायत, खाली मिरचीचा रंग गडद होत चाललाय, डंकवाल्या मावशी फडक्यानं तोंड बांधून हातानं चटणी आत सारतायत आणि मधेच ठसका लागून मीच खोकतेय, तो खोकला मी कापला नाही. तो व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवला. कमेंटमध्ये किती जणांनी लिहिलं की आईची आठवण आली, आमच्या गल्लीत डंक होता. दुबईहून एका दादांनी लिहिलं, वास आला. लोकांना मी कशी दिसते याच्याशी देणंघेणं नसतं, चटणी कशी होते ते बघायचं असतं, हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली.

उरलेली अर्धी गेली ती एका नुकसानीत. पहिल्याच वर्षी कुरिअरमध्ये एक पॅकेट फुटलं, एका ताईंच्या पार्सलमध्ये चटणीसोबत त्यांच्या बहिणीनं ठेवलेली साडी होती, ती तेलानं लाल झाली. त्या खूप बोलल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. मी रात्रभर रडले, वाटलं बंद करावं सगळं. सकाळी उठून पैसे परत केले, साडीचे पण दिले, आणि स्टेटसला लिहिलं की असं असं झालं, आजपासून दुहेरी पिशवी आणि वरून डबा, थोडा खर्च वाढेल. भीत भीत टाकलेलं ते, आणि त्या आठवड्यात सगळ्यात जास्त ऑर्डरी आल्या. त्याच महिन्यात अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घेतली, वर्षाची फी १०० रुपये होती तेव्हा, तो १४ आकडी नंबर पॅकेटवर छापून आला तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःला व्यावसायिक म्हटलं.

पॉझिटिव्हचं विचारता तर, मी आरशासमोर उभं राहून "मी यशस्वी आहे" म्हणायचं महिनाभर करून बघितलं. कुणाला जमत असेल, मला नाही जमलं, कारण बोलत असताना मनाला माहीत असतं की डब्यात सहा किलो पडून आहे. मला जमलं ते एवढंच की रोज रात्री वहीत आज काय केलं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही. "तीन पॅकेटं भरली. एक फोटो टाकला. नाशिकच्या काकूंना फोन केला." मन खचलेलं असलं तरी पॅकेट भरता येतं, आणि भरता भरता मन जागेवर येतं.

वहिनी, तुमच्यासाठी दोन गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधनं पाठवत असाल तर एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाला आधी नंबर सेव्ह करायला सांगा, संकोच करू नका. आणि "रेटसाठी मेसेज करा" असं कधीच लिहू नका. विचारायला लाजणारी माणसं पण असतात, तुमच्यामाझ्यासारखी, ती न विचारताच पुढं जातात.

हे लिहीत असतानाच वहिनींनी पहिला फोटो टाकला. वाकळेचा कोपरा अगदी जवळून, धावदोऱ्याचे टाके एकासारखे एक, हिरव्या लुगड्याचा काठ दिसतोय. खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी लगेच फोन केला, म्हटलं किती दिवस लागले ते लिहा, कशाची आहे ते लिहा आणि रेट लिहा. म्हणाल्या, रेट नको ना लगेच. मी फोन ठेवलाच नाही, तशीच थांबले. थोड्या वेळानं स्टेटस परत आलं, "सासूबाईंच्या दोन लुगड्यांची, १८ दिवस, २२०० रुपये."