आरएक्स-८ : इंजिन बदलावं की बांधून घ्यावं?

माझ्याकडे २००५ची माझदा आरएक्स-८ आहे, २३१ पीएसची, सहा गिअरची. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. गाडीचं एक लक्षण हळूहळू ठळक होत गेलं. सकाळी थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू व्हायचं, पण मोटरवेवरून उतरून पेट्रोलसाठी थांबलो की तापलेलं इंजिन सेल्फवर नुसतं फिरत राहायचं, सुरू व्हायचं नाही. या गाडीचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी रोटर फिरणारं. अशा इंजिनात याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, उतरलंय. थंड इंजिनात घट्ट तेल फटी बुजवतं. तापल्यावर ते पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून दाब निसटतो.

या गाड्यांना इथे आता फारशी किंमत नाही, त्यामुळे इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. पुष्कळ जण इथेच हात टेकतात. मला ते जमणारं नव्हतं. पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, १.३ लिटरचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत न अडखळता चढतं, असं दुसरं काही या पैशांत मिळत नाही. याच रोटरी घराण्यातल्या चार रोटरच्या इंजिनावर माझदाने १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती.

दुसरी चांगली आरएक्स-८ घेण्याचाही विचार केला. पण २३ मार्च २००६पासून नोंदलेली घेतली की ती रोड टॅक्सच्या सर्वांत वरच्या गटात जाते. त्याआधीची घेतली, तर तिचं इंजिनही माझ्या गाडीच्या इंजिनाइतकंच जुनं.

म्हणून आधी नीट तपासणी. साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो. रोटर तिकोनी असतो, त्याच्या तिन्ही बाजू आळीपाळीने दाब तयार करतात आणि साधा गेज त्यातला सर्वांत मोठा आकडा धरून बसतो. रोटरीचं वेगळं यंत्र तिन्ही आकडे सुटे दाखवतं आणि स्टार्टर इंजिन किती वेगाने फिरवतोय ते बघून २५० आरपीएमला दुरुस्त करून देतं. ही दुरुस्ती न करता दिलेला रिपोर्ट घेऊच नये, कारण स्टार्टर मरगळलेला असेल तर चांगलं इंजिनही नापास दिसतं. माझदाची किमान मर्यादा ६.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. माझ्या पुढच्या रोटरच्या तिन्ही बाजू साडेसहाच्या आसपास होत्या. मागच्या रोटरच्या दोन बाजू साडेपाचच्या जवळ आणि एक ४.७.

निर्णय या ४.७ ने केला. रोटरच्या टोकावरचा एपेक्स सील दोन शेजारच्या बाजूंच्या मध्ये बसतो. तो तुटला असता तर दोन बाजू एकदम पडल्या असत्या. एकच बाजू खाली, म्हणजे संशय त्या बाजूच्या साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या कडेने बाजूच्या भिंतीला टेकणाऱ्या सीलवर. एपेक्स सील तुटलेला नसेल तर रोटर हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, क्रोमवर चरे पडलेले नसण्याची शक्यता चांगली, आणि हाउसिंग वाचलं तरच इंजिन बांधून घेणं, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणं, परवडतं. नवी हाउसिंग घ्यावी लागली की हिशेब तयार एक्स्चेंज इंजिनाच्या (आपलं जुनं देऊन बदल्यात घेतलेलं, आधीच बांधलेलं इंजिन) बाजूने झुकतो. गाडी कधी ओव्हरहीट झाली नव्हती आणि कूलंट प्रेशर टेस्टमध्येही दाब टिकला, ही आणखी जमेची बाजू.

स्क्रॅपयार्डातलं जुनं इंजिन सर्वांत स्वस्त पडलं असतं. पण गाडीतून काढलेल्या इंजिनाची टेस्ट दाखवायला कुणी तयार नव्हतं, आणि त्यातले सीलही वीस वर्षांचेच. एक्स्चेंज इंजिनावर वॉरंटी होती, पण आतला कोणता भाग नवा, कोणता पुन्हा वापरलेला, याचं लेखी उत्तर मिळेना. शिवाय इंजिन नंबर बदलला की पावती जोडून डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे, नोंद बदलून घ्यावी लागते. पिस्टनचं इंजिन बसवण्याचा सल्लाही मिळाला. मग गाडी ठेवायची कशाला?

रोटरीच काम करणाऱ्या एका माणसाकडे गाडी दिली. इंजिन उघडल्यावर मापं आणि फोटो दाखवून मगच पक्का आकडा सांगायचा, ही अट त्याने आनंदाने मान्य केली. अंदाज खरा निघाला. मागच्या रोटरचा एक साइड सील कार्बनमध्ये घट्ट अडकला होता, स्प्रिंगांचा ताण गेला होता. दोन्ही रोटर हाउसिंग वापरण्याजोगी होती. एक साइड हाउसिंग मात्र बदलावं लागलं. या इंजिनात एक्झॉस्टची भोकं बाजूच्या भिंतीत असल्यामुळे तिथे साइड सीलना जास्त सोसावं लागतं.

इंजिन का गेलं हे न शोधता नवं बसवणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. आमच्याकडे कारण सापडलं: अशक्त इग्निशन कॉइल. ठिणगी कमी पडली की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, आतली जाळी वितळून वाट बुजते आणि सगळी उष्णता इंजिनातच कोंडते. माझी जाळी अर्धी वितळलेली निघाली. चारही कॉइल, प्लग, वायरी, कन्व्हर्टर आणि स्टार्टर एकदमच नवे घेतले. खर्च वाढला, पण यातलं एकही टाळण्यासारखं नव्हतं.

आता पेट्रोलमध्ये लिटरमागे चारेक मिली कमी राखेचं टू-स्ट्रोक तेलही घालतो. हे इंजिन मुळातच ज्वलनाच्या जागी थोडं तेल सोडतं, त्याला ही वरची जोड. फोनवर पुण्याला सांगितलं तेव्हा बाबांनी लगेच विचारलं, “म्हणजे आपल्या चेतकसारखं टूटी ऑइल?” होय बाबा, तेच, फक्त प्रमाण खूप कमी.

पहिले हजार मैल ४००० आरपीएमच्या वर नेलं नाही. त्यानंतरच्या टेस्टमध्ये सहाही बाजू आठच्या वर आल्या आणि त्यांच्यातला फरक अर्ध्याच्या आत. तापलेलं इंजिन आता पंपावर लगेच सुरू होतं. दर वर्षी एमओटीबरोबर (इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) कॉम्प्रेशन टेस्टही करून घ्यायची आणि कॉइल झिजायची वाट न पाहता आधीच बदलायचे, असं त्या कारागिराशी ठरवून ठेवलंय.