तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यात निम्मं रान मोकळं का?

"बोअरला पाणी आहे, मग पाच गुंठ्यांतलं निम्मं रान मोकळं का?" हे दर उन्हाळ्यात कानावर येतं, आणि विचारण्यात आळसाचा संशय असतो. म्हणून एकदा हिशेबासकट सांगते.

आमच्याकडे वर्षाची आखणी मे महिन्यापासून मागे मोजत करावी लागते. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. डिसेंबरात पालेभाजीला चौरस मीटरमागे रोज तीन-चार लिटर पाणी पुरतं, मे महिन्यात आठही कमी पडतं. दोन गुंठे मेथी-पालक थंडीत सहा-आठशे लिटरवर निघतो. तोच मे महिन्यात सोळाशे मागतो. एवढं पाजूनही मेथी पिवळी पडते आणि कोथिंबीर लवकर फुलावर जाते. हे पाणी फळझाडांच्या तोंडचं असतं.

२०१२ सालचा अपुरा पाऊस आठवा. त्यानंतरच्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, कित्येक ठिकाणी कुऱ्हाड लावावी लागली. आंबिया बहाराचं, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्याचं, गणित असं: डिसेंबर-जानेवारीत ताण (पाणी तोडायचं), मग पाणी, लगेच फूल आणि पावसाळा सरता सरता फळ. म्हणजे झाड अख्खा उन्हाळा फळं अंगावर घेऊन काढतं. मोठ्या झाडाला मे महिन्यात रोज शंभरेक लिटर लागतं. दहा झाडांना हजार. पाच हजारांचा टँकर पाच दिवसांत संपतो. मोसंबीची अन्न घेणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. काळ्या रानाला भेगा पडल्या की ती तुटतात, आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ते घ्यायला मूळच उरत नाही.

पाणी एप्रिलपर्यंतच पुरणार असं दिसलं की फेब्रुवारीतच फळं तोडायची. हात धजत नाही हे मला मान्य आहे, पण फळ किंवा झाड, दोन्हींपैकी एकच राहतं. मग हलकी छाटणी, झाडाच्या सावलीच्या घेरात सोयाबीनच्या भुसकटाचा चार-पाच इंच थर, पानांवर दहा लिटर पाण्यात ८०० ग्रॅम केओलिनची (पांढऱ्या मातीच्या भुकटीची) फवारणी, खोडाला जमिनीपासून अडीच-तीन फूट बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप). भुसकट खोडाला टेकू देऊ नका, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो.

यावर उपाय म्हणून मृग बहाराचा, म्हणजे जूनच्या पावसावर येणाऱ्या फुलोऱ्याचा, आग्रह मीही पूर्वी धरत असे: एप्रिल-मेचा ताण आयताच मिळतो. आता तेवढं ठाम सांगवत नाही. मृग कोरडा गेला की ताण लांबतो आणि झाड खचतं, ऑगस्टात खंड पडला की फळ गळतं. अशा ठिकाणी सीताफळ बरं, उन्हाळ्यात पान टाकून स्वस्थ बसतं. पण मोसंबी असलेल्यांनी ती काढून सीताफळ लावावं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि मोकळं रान रिकामं नसतं. एप्रिलच्या शेवटी वाफे एकदा भिजवून २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, कडा मातीत गाडायच्या, चार ते सहा आठवडे. मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी, तणाचं बी वरच्या थरात बरंच मरतं. लव्हाळा मात्र मरत नाही, त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात. काळा कागद घेऊ नका, त्याने माती तेवढी तापत नाही.

जूनमध्ये पहिल्या सरीला भुलायचं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि वाफसा आला (माती ओली, पण चिखल नाही) की गुंठ्याला ६०० ग्रॅम ताग हिरवळीच्या खतासाठी पेरायचा. फुलावर येताच, साधारण ४५ दिवसांनी, गाडायचा. पोळ्याला टोमॅटो आणि फ्लॉवरचं रोप गादीवाफ्यावर टाकायचं. घटस्थापनेपर्यंत ताग कुजलेला असतो आणि रोप लावणीला आलेलं असतं. उरलेल्या निम्म्या रानात तोवर भेंडी, दोडका, चवळी चालते, पण सरीच्या वरंब्यावर. सपाट काळ्या रानात पाणी साचून मुळं कुजतात.

तरी मे महिन्यात माळवं हवंच असेल तर अर्धा गुंठा गवार लावा, ती ऊन सोसते. कोथिंबीर हवी असेल तर धने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली टाका. आणि आधी झाडांचं पाणी मोजून बाजूला ठेवा.