गुकेश हरला, प्रज्ञानंद जिंकला

२ फेब्रुवारी २०२५ ला रविवारची झोप नेदरलँड्समधल्या वाईक आन झी गावच्या टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेनं उडवली. गुकेश तेव्हा १८ चा आणि जगज्जेता, प्रज्ञानंद १९ चा. दोघंही चेन्नईचे. शेवटच्या फेरीत दोघंही हरले, गुकेश तर आपल्याच अर्जुन एरिगैसीकडून! तरी साडेआठ गुणांवर बरोबरी, म्हणून ब्लिट्झ टायब्रेक, म्हणजे विजेता ठरवायला झटपट डाव. पहिला डाव गुकेशचा, दुसरा प्रज्ञानंदचा. मग सडन डेथ, म्हणजे जो जिंकेल तोच विजेता: पांढऱ्याला अडीच मिनिटं, काळ्याला तीन. इतक्या वेळात आमच्याकडे चहासुद्धा उकळत नाही. पांढरी मोहरी घेऊन गुकेशनं आधी प्यादं गमावलं, मग घोडाच गेला. प्रज्ञानंद मास्टर्सचा, म्हणजे स्पर्धेतल्या मुख्य गटाचा, विजेता! आनंद झालाच, पण गुकेशसाठी जरा वाईट वाटलं. आदल्या वर्षीही तो इथे टायब्रेकमध्येच हरला होता.