ट्रेलर मागे घेणं: आता आंधळ्या बाजूचा सराव

कॅम्पिंगच्या मैदानावर चालकाच्या बाजूला असलेल्या जागेत राहायचा ट्रेलर मागे घेत घालणं आता अंगवळणी पडलंय. त्यामुळे सध्या सगळा जोर आंधळ्या बाजूवर, म्हणजे जागा चालकाच्या विरुद्ध बाजूला असते तेव्हा. तिथे खिडकीतून मान बाहेर काढून काही उपयोग नसतो. पलीकडच्या आरशात ट्रेलरची भिंत तेवढी दिसते, शेपूट कुठे चाललंय ते नाही.

या टप्प्यावर पटलेली गोष्ट अशी की खरं काम रिव्हर्स टाकण्याआधीच झालेलं असतं. पूर्वी मी रस्त्यावर सरळ उभा राहून तिथून मागे घ्यायचो, म्हणजे ट्रेलरला पुरता काटकोन वळवावा लागायचा. आता जागेच्या बाजूला चिकटून पुढे जातो आणि तोंड ओलांडताना गाडीचं नाक विरुद्ध कडेला काढतो. थांबतो तेव्हा ट्रेलरचं शेपूट आधीच जागेकडे तिरकं वळलेलं असतं, वळवायचा कोन निम्म्यावर येतो. रस्ता अरुंद असेल तर हे पूर्ण साधत नाही, पण जेवढा तिरकेपणा मिळेल तेवढा घ्यावा.

स्टिअरिंगचं जुनं सूत्र अजूनही तेच: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि शेपूट जिकडे हवं तिकडे न्यायचा. पण शिकणारे अडकतात ते त्याच्या पुढच्या पायरीवर. ट्रेलर वळायला लागला की स्टिअरिंग उलटं फिरवून गाडीने त्याच्या मागोमाग जायचं असतं. त्याला उशीर झाला तर कोन वाढतच जातो आणि जॅकनाइफ होतो, म्हणजे गाडी आणि ट्रेलर चाकूसारखे दुमडतात. मग मागे जाण्याचा हट्ट सोडून पुढे जाऊन सरळ करावं, त्यात कमीपणा कसला? हिचच्या (गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या) बॉलपासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर जितकं कमी, तितका हा कोन झपाट्याने बदलतो. म्हणूनच लांब ट्रेलरपेक्षा आखूड ट्रेलर जास्त छळतो.

नजर कुठे ठेवायची, तर शेपटावर नव्हे, ट्रेलरच्या आतल्या बाजूच्या चाकावर. जागेच्या तोंडाशी खुंट किंवा दगड असेल तर ते चाक त्याच्या जवळून, पण न घासता गेलं पाहिजे. आणि मागोमाग जाताना गाडीचं नाक समोरच्या कडेला झेपावतं, तिथला खांब किंवा चर आधी पाहून ठेवायचा. घर्षणाचा स्वे बार (ट्रेलरचं डोलणं रोखणारी दांडी) लावला असेल तर तो रिव्हर्सआधीच काढून टाकायचा, तीव्र कोनात तो वाकतो.

आंधळ्या बाजूला सोबत्याशिवाय मी करत नाही. तो आतल्या कोपऱ्यावर, ट्रेलरच्या वाटेबाहेर उभा राहतो. तिथून त्याचे हातवारे मला दिसत नाहीत, म्हणून फोन चालू. ‘येऊ द्या, येऊ द्या’ हा आवाज थांबला की मीही थांबतो, मग कारण काही असो. ‘डावीकडे’ म्हणजे शेपूट माझ्या डावीकडे. स्टिअरिंगबद्दल त्याने अवाक्षर काढायचं नाही. एवढं ठरल्यापासून भांडणं जवळपास संपली आहेत.

मागचा कॅमेरा मदतीला आहे, पण त्यात अंतर फसवं दिसतं आणि छताच्या उंचीची फांदी तर दिसतच नाही. त्यापेक्षा उतरून एक चक्कर मारलेली बरी. वर बघायचं, विजेचा खांब ट्रेलरच्या वायरच्या आवाक्यात आहे का आणि स्लाइड-आउट (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) उघडायला जागा उरते का तेही बघायचं. आडवी पातळी हिच सोडण्याआधी, चाकाखाली फळ्या घालून. मग चाकांना ठोकळे लावून हिच सोडायचं, आणि पुढची-मागची पातळी जॅकने.

अजून न सुटलेला भाग म्हणजे दुहेरी अ‍ॅक्सल. कोन फार तीव्र झाला की टायर आडवे घसटत जातात आणि त्यांच्यावर ताण येतो. म्हणून पुढच्या सरावात रिकाम्या मैदानावर शंकू लावून, तोच कोपरा कमी कोनात आणि जास्त फेऱ्यांत घेऊन बघणार आहे.