गुलाबी वसाहती

जुलैमधल्या त्या सकाळी इनक्युबेटरचे दार उघडले, तेव्हा आठही प्लेट काठापर्यंत दाट वाढीने भरलेल्या होत्या. प्रत्येक प्लेटवर फार तर काही डझन वसाहती दिसतील, असे मी एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना आदल्या तासाला सांगितले होते. कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागल्यापासून हे प्रात्यक्षिक मी अनेकदा घेतले आहे. असे कधीच झाले नव्हते.

प्रात्यक्षिक यीस्टच्या कॅन१ या जनुकावरचे आहे. हे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असते आणि ५९० अमिनो आम्लांचे एक प्रथिन घडवते, जे पेशीपटलातून बारा वेळा आरपार विणलेले असते आणि बाहेरचे आर्जिनिन हे अमिनो आम्ल आत घेते. कॅनाव्हनिन हे विष आर्जिनिनसारखेच दिसते, म्हणून तेही याच वाटेने आत शिरते, आर्जिनिनच्या जागी नव्या प्रथिनांत गुंफले जाते आणि ती प्रथिने बिघडून पेशी मरते. मात्र ज्या पेशीत हे जनुक बदलामुळे निकामी झाले आहे, तिची वाटच बंद असते आणि आर्जिनिन ती स्वतः तयार करते, त्यामुळे कॅनाव्हनिन घातलेल्या प्लेटवर तीच जगते आणि वाढून तिची वसाहत होते. असा बदल पेशींच्या एका पिढीत साधारण एक कोटी पेशींमागे एखाद्या पेशीत होतो. एरवी डोळ्यांना न दिसणारी ही घटना वसाहत होऊन समोर उभी राहते, म्हणून मला हे प्रात्यक्षिक मनापासून आवडते. कॅनाव्हनिन हे नाव कॅनाव्हेलिया या ज्या वनस्पती-प्रजातीवरून पडले, त्यातलीच आपली अबई आहे, हे सांगितल्यावर आजऱ्याच्या एका विद्यार्थिनीने आपल्या परड्यातला वेल आठवून लगेच मान हलवली होती.

आठही प्लेट भरल्या, याचा अर्थ एकही पेशी मेली नव्हती. "मॅडम, कॅनाव्हनिन घालायचे राहिले असेल का?" एकाने चाचरत विचारले. प्रश्न रास्त होता. वजनाची नोंदवही काढली, तर प्रतिलिटर ६० मिलिग्रॅमची नोंद माझ्याच हस्ताक्षरात होती. प्लेटमधल्या माध्यमात चुकून आर्जिनिन गेले असते, तर त्याने कॅनाव्हनिनशी स्पर्धा करून पेशी वाचवल्या असत्या. पण माध्यमाच्या घटकांच्या यादीतही आर्जिनिन नव्हते. दुपारपर्यंत आम्ही रसायनांच्या बाटल्यांवरच संशय घेत राहिलो.

तिसऱ्या दिवशी, प्लेट टाकून द्यायला निघालेले प्रयोगशाळेतले मामा थांबले आणि म्हणाले, "मॅडम, ह्यास्नी रंग चढलाय की."

खरोखरच सगळी वाढ गुलाबी झाली होती. विद्यार्थ्यांना हवेतून आलेल्या रोडोटोरुला या गुलाबी यीस्टची शंका आली, आणि तेही मुकुलन करणारे यीस्ट असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निवाडा होणार नव्हता. मला मात्र वेगळाच संशय आला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आलेल्या आमच्या यीस्टच्या नळीवर 'बीवाय ४७४१' असे लिहिले होते. त्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे यीस्टच्या त्या वाणात, एडीई२ जनुक शाबूत असते, म्हणून त्याच्या वसाहती पांढऱ्या राहतात. ते जनुक बिघडले, की अॅडेनिन बनवण्याच्या वाटेवरचा एक पदार्थ पेशीत साचतो आणि त्याचेच लाल रंगद्रव्य होते. प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरला जाणारा 'डब्ल्यू ३०३' हा स्ट्रेन असा आहे, आणि त्याच्या कॅन१ जनुकातही मध्येच थांबण्याचा संकेत आलेला असल्यामुळे त्याचे वाहक प्रथिन पूर्ण तयारच होत नाही. त्याला कॅनाव्हनिनची बाधा होण्याचा प्रश्नच नव्हता.

मी त्याच दिवशी दोन प्रकारच्या प्लेट ओतायला लावल्या: एकीत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नाही, दुसरीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल नाही. बीवाय ४७४१ मेथिओनिनवाचून वाढत नाही, तर डब्ल्यू ३०३ ट्रिप्टोफॅनवाचून. रोडोटोरुला असते तर बहुधा दोन्हींवर वाढले असते. दोन दिवसांनी ट्रिप्टोफॅनविना असलेली प्लेट कोरडी ठणठणीत होती आणि मेथिओनिनविना असलेलीवर गुलाबी थर होता. चिठ्ठी चुकीची होती. ती कोणाच्या हातून बदलली याचा शोध मी घेतला नाही; पण आलेला स्ट्रेन तपासल्याशिवाय वर्गात वापरला, ही चूक माझी होती आणि तसे मी विद्यार्थ्यांना सांगितले.

खरा बीवाय ४७४१ मिळाल्यावर, या वेळी आधी तपासून, आम्ही प्रात्यक्षिक पुन्हा केले. आठ प्लेटवर ४ पासून ३१ पर्यंत वसाहती आल्या, सगळ्या पांढऱ्या. गुलाबी यीस्टची नळी मी जपून ठेवली आहे. तिच्यावर आता नाव नाही, फक्त एक क्रमांक आहे, आणि येत्या जुलैत नव्या तुकडीला ती ओळखण्यासाठी दिली जाईल.