आरोग्य-लाभाच्या रकान्यातलं शून्य (माझा अनुभव)

पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हिशोबाचं आणि प्रस्तावांचं काम मी बघतो. कपाशीवरच्या फवारण्या कमी करायच्या, कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाचं आमिष लावून नर पतंग पकडणारे सापळे) पतंग मोजून मगच औषध मारायचं, फवारणाऱ्यांना हातमोजे-मास्क द्यायचे, रिकाम्या बाटल्या एका जागी गोळा करायच्या, असा आमचा प्रस्ताव होता. निधी देणाऱ्या संस्थेची अट होती की या सगळ्याचा पाच वर्षांचा आर्थिक लाभ मॉडेल मांडून दाखवा. मॉडेल झालं, मंजुरीही मिळाली. पण त्यातल्या एका रकान्यानं आमचा जो जीव खाल्ला, त्याची चीड अजून गेलेली नाही. दुसऱ्या कुणावर हे काम पडलं तर त्याला सोपं जावं म्हणून लिहितोय.

खर्चाची बाजू चटकन झाली. सापळे, ल्यूर (त्यातलं गंधाचं आमिष), हातमोजे-मास्कचे किट, एका मुलाचा पगार, बस. पुढच्या वर्षांतला लाभ आजच्या किमतीत आणायचा असतो, तेही एक्सेलमध्ये एका सूत्राचं काम आहे. १० टक्के दर धरला तर पाच वर्षांनी मिळणारा १ लाख आजचा सुमारे ६२ हजार होतो. दर संस्थेकडूनच लेखी मागून घ्या, म्हणजे नंतर त्यावर वाद होत नाही.

औषधाच्या बचतीत मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते. ‘प्रकल्पाआधी’ आणि ‘प्रकल्पानंतर’ अशी तुलना करू नका. ज्या वर्षी पाऊस लांबतो, गुलाबी बोंडअळी लवकर दिसते, मे महिन्यातली बागायती लागवड जास्त असते, त्या वर्षी सगळ्यांच्याच फवारण्या वाढतात. मग प्रकल्प चांगला चालूनही बचत उणे दिसते. त्याच हंगामात सापळे असलेली गावं आणि शेजारची सापळे नसलेली गावं, अशी जोडी लावा. सापळ्यात रोज ८ पतंग सलग ३ रात्री आले की फवारणीची वेळ झाली, ही आर्थिक नुकसानीची पातळी कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत आहे. ती मॉडेलमध्ये लिहून टाका, म्हणजे ‘फवारणी कमी कशी होणार?’ या प्रश्नाला आधार राहतो.

आता तो रकाना. नाव होतं, ‘टळलेल्या आजारपणाचा लाभ’. आम्ही भरून पाठवलं, तर प्रस्ताव तपासणाऱ्या टेबलावरून तो रकाना शून्य होऊन परत आला. शेरा होता, ‘दवाखान्याची बिलं किंवा नोंदी जोडाव्यात.’

हा शेरा लिहिणाऱ्यानं फवारणीच्या दिवसांत खान्देशातलं एखादं गाव पाहिलं असतं, तर तो असा लिहिला गेला नसता. भाद्रपदातल्या दमट उन्हात छातीपर्यंत वाढलेल्या कपाशीत माणूस पंप पाठीवर घेऊन शिरतो. तोंडाला रुमाल, पायात काही नाही. संध्याकाळी डोकं धरतं, मळमळतं, डोळ्यांची आग होते. लिंबू चोखतो, आंघोळ करतो, पडून राहतो. फारच झालं तर गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून घेतो, आणि तिथं बिल देत नाहीत. सरकारी दवाखान्यात विषबाधा म्हटलं की पोलिसांकडे नोंद जाते. घरचे लोक त्याला घाबरतात, म्हणून तिथंही बहुतेक जण ‘ताप आला’ एवढंच सांगतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा कुठे हा विषय राज्यभर बोलला गेला. जो माणूस मरत नाही, दोन दिवस पडून राहून पुन्हा पंप उचलतो, त्याची नोंद कुठेच नसते. अशा माणसाचं आजारपण शून्य रुपयांचं ठरवायचं?

फोन केला तर उत्तर एकच, ‘पुराव्याशिवाय आकडा घेता येत नाही.’ पुरावा नसेल तर आकडा माहीत नाही असं म्हणावं, हे मला मान्य आहे. पण मॉडेलमध्ये शून्य लिहिणं म्हणजे तो आकडा माहीत आहे असं सांगणं. शून्य भरताच प्रकल्पाची बेरीज तोट्यात जात होती, आणि ‘आर्थिकदृष्ट्या परवडत नाही’ असा निष्कर्ष आपोआप छापला जात होता.

मग दुसरी वाट सुचवली गेली. बाहेरच्या देशांत लोकांना विचारून ठरवलेल्या किमती असतात, म्हणजे अमुक त्रास टाळायला माणूस किती पैसे मोजेल, अशा. युरोपच्या रसायन संस्थेनं तशा पाहण्या करून घेतल्या आहेत. त्या किमती आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात खाली आणून वापरायच्या. मी ते गणित करून पाहिलं. उत्पन्नाचं गुणोत्तर लावलं की पारोळ्याच्या मजुराची मळमळ युरोपातल्या माणसाच्या मळमळीच्या कितीतरी पट स्वस्त होते. पद्धत मान्यताप्राप्त आहे, पण आमच्या गावसभेत तो कागद वाचून दाखवायची माझी तयारी नव्हती. तो आकडा मी वापरला नाही.

कॉर्नेल विद्यापीठातून १९९२ मध्ये निघालेला पर्यावरणीय परिणामाचा एक निर्देशांकही पाहिला. फवारणारा, खाणारा आणि मधमाशी-मासे-पक्षी यांच्यावरचा परिणाम एका अंकात येतो, त्याला औषधाचं प्रमाण आणि फवारण्यांची संख्या लावायची. दोन औषधांची तुलना करायला बरा आहे, पण त्यातून रुपये निघत नाहीत. तो आम्ही पुरवणीत जोडला.

शेवटी घरोघर जायचं ठरवलं. कंपनीतली दोन मुलं आणि मी. आणि इथे पहिल्याच घरात कळलं की प्रश्न कसा विचारतो त्यावर सगळं आहे. ‘विषबाधा झाली का?’ विचारलं की सगळे नाही म्हणतात. एका आप्पांनी तर हसून उडवून लावलं. त्यांच्याच सुनेला विचारलं, ‘फवारणीच्या दुसऱ्या दिवशी काय होतं, आक्का?’ तर ती म्हणाली, ‘डोकं गरगर करस, उलट्या व्हतस, दुसरा दिन घरमाज पडी राहतस.’ आणि ही बाई पंप मारणारी नव्हती. विहिरीवरून हंड्यानं पाणी आणून पंप भरून देणारी होती. औषध ढवळताना तिचे हात कोपरापर्यंत भिजतात. आमच्या मूळ मॉडेलच्या यादीत फक्त ‘फवारणी करणारा’ होता. पाणी भरणारी, दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला जाणारी, पुढे वेचणीला जाणारी, यांच्यासाठी ओळच नव्हती. ती ओळ घातली.

बुडालेला दिवस हा मग आमचा मापदंड झाला. बिल नसलं तरी बुडालेला रोज प्रत्येकाला आठवतो, कारण तो पैशात दुखतो. शेतमालकाच्या वहीतल्या हजेरीशी तो ताडून पाहता येतो. हाच आमचा पुरावा. ज्या बायका त्या दिवशी मजुरीला जाणार नव्हत्या त्यांच्या दिवसाला निंदणीचा चालू दर लावला, कारण घरचं काम कुणीतरी केलंच होतं. वेदना, भीती, पुढच्या वर्षांतले आजार यांना किंमत लावली नाही. आकडा कमीत कमी आहे, हे कागदावर ठळक लिहिलं.

तरीही टेबल हलेना. त्यांना हा आकडा ‘ऐकीव’ वाटत होता. मग मी प्रश्नच उलटा मांडला, आणि तिथे गाडी सुटली. आजारपणाचा आकडा मुळीच धरायचा नाही. फक्त विचारायचं, प्रकल्पाचा खर्च भरून निघायला किती आजारी दिवस टळावे लागतील? सोपे आकडे घेऊन सांगतो. समजा वर्षाचा खर्च ३ लाख, औषधाची बचत २ लाख ४० हजार. तूट ६० हजार. एका आजारी दिवसाची मजुरी, सलाईन आणि सोबत थांबलेल्या माणसाचा अर्धा रोज मिळून ८०० रुपये. म्हणजे ७५ दिवस टळले की झालं. कुटुंबं १५० असतील तर घरटी अर्धा दिवस, तोही अख्ख्या हंगामात. एवढं होणार नाही असं म्हणायचं असेल तर म्हणा, असं पत्रात लिहून पाठवलं. सरकारी नियमांचे खर्च-लाभ कसे मांडायचे ते सांगणाऱ्या अमेरिकन सरकारच्या २००३ च्या ए-४ परिपत्रकात, जे लाभ मोजता येत नाहीत तिथे हीच पद्धत वापरा असं सांगितलं आहे. तो संदर्भ आवर्जून जोडला, कारण टेबलावरच्या माणसालाही वर दाखवायला काहीतरी लागतं. त्यानंतर शेरा आला नाही. मंजुरीचं पत्र वाचलं तेव्हा मला त्या बायकांसाठी फार बरं वाटलं, आणि मुलांचा अभिमानही वाटला.

आठवलं तसं आणखी थोडं. फवारण्या कमी झाल्या की मालकाची मजुरी वाचते, पण तीच मजुराची कमाई जाते. ती समाजाचा लाभ म्हणून धरू नका, फार तर शेतकऱ्याच्या वेगळ्या हिशोबात दाखवा. आम्ही ती बेरजेत घेतली नाही आणि या मुद्द्यावर कुणी बोट ठेवू शकलं नाही.

एकच आकडा देऊ नका. कमी, मधला, जास्त असे तीन द्या, आणि कुठला घटक बदलला की निकाल फिरतो ते सांगा. आमच्याकडे तो घटक होता किडीचा जोर.

घरोघरच्या मुलाखती दिवाळीनंतर केल्या तर लोकांना दिवस आठवत नाहीत. पोळ्यापासून सुरू करा आणि दर पंधरवड्याला जा. बायकांना बाईनंच विचारलेलं बरं, आम्हाला हे मध्येच सुचलं आणि त्यानंतर उत्तरं लांब झाली.

पैसे असतील तर रक्तातल्या कोलिनएस्टरेजची तपासणी बजेटमध्ये घाला. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं हे एन्झाइम दाबतात, त्यामुळे अंगात किती गेलं ते कळतं. पण माणसागणिक मूळ पातळी वेगळी असते, म्हणून पहिला नमुना फवारण्या सुरू व्हायच्या आधी, जूनमध्येच घ्यावा लागतो. नुसता सप्टेंबरचा नमुना घेऊन त्या टेबलावर गेलात, तर ‘आधीचा कुठे आहे?’ हाच प्रश्न येईल, आणि तेव्हा तो रास्त असेल.