दिंडीत पुन्हा लागलेला आवाज

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. यंदा त्या गर्दीत आमच्या दिंडीच्या बायकांच्या रांगेत मी उभी होते, ती आईच्या जागी. आई बरीच वर्षं याच दिंडीतून चालली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चालायला मनाई केली, तेव्हा ती म्हणाली, "घरातली वारी मोडायला नको. तू जा." तिची सोय भावाकडे लावली, बँकेतून रजा मिळवली आणि निघाले. मनात भक्तीचा पूर वगैरे नव्हता. आईचा शब्द होता, बस.

चाळिशी ओलांडलेली, लग्न न झालेली बाई मी. कराडला एका सहकारी बँकेत नोकरी करते. घरात आई आणि मी. वाईट काही नाही. पण एक गोष्ट माझ्या आयुष्यात अर्धवट पडून होती, आणि ती लग्न न झाल्यामुळे नव्हे, लग्नाची वाट पाहण्यात पडून होती. गांधर्व महाविद्यालयाच्या गायनाच्या परीक्षा मी शाळेपासून देत आले. प्रारंभिक, दोन्ही प्रवेशिका, दोन्ही मध्यमा. पुढची पायरी विशारद. तेवढ्यात घरात स्थळं यायला लागली. "आता मध्येच कशाला अडकतेस, सासरी जाऊन पूर्ण कर," असं सगळेच म्हणाले आणि मलाही ते पटलं. पत्रिका, फोटो, बघण्याचे कार्यक्रम यांत वर्षं गेली. मग बाबांचं आजारपण, त्यांचं जाणं. पेटी कपाटावर गेली. नंतर जेव्हा जेव्हा मनात यायचं, तेव्हा पुढचा विचार ठरलेला असायचा: एकदा काय ते ठरू दे, मग बघू. घर घेण्याचंही तसंच, प्रवासाचंही तसंच. एकट्या माणसाचं आयुष्य बाहेरून मोकळं दिसतं. आतून ते कित्येकदा स्टँडवर बसल्यासारखं असतं, सामान बांधून, न येणाऱ्या गाडीसाठी.

वारीत पहिले दोन दिवस मी फक्त शिकत होते. पहाटे तीनला उठायचं. टँकरच्या नळाखाली अंधारात आंघोळ. तंबू उतरवून ट्रकमध्ये चढवायचे, कारण ट्रक पुढच्या मुक्कामाला आपल्याआधी पोचायला हवा. मग पुढे पताका, त्यामागे टाळकरी, मध्ये पखवाज आणि वीणेकरी, मागे डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. वीणा चालताना खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. भजनाचाही क्रम ठरलेला. रूपाचा अभंग आधी, मग काकडा, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी. प्रत्येक वाराचे अभंग वेगळे. सोमवारी सोमवारचेच.

पुण्यात दोन रात्री काढून पालखी सासवडकडे निघते. सबंध वाटेतला हा सगळ्यात लांब टप्पा, आणि तिथींचा हिशोब असा की बहुतेक वर्षी तो एकादशीला येतो. म्हणजे पोटात साबुदाणा आणि भगर, आणि समोर दिवेघाट. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. वरून खाली पाहिलं तर रस्ता दिसतच नाही, नुसत्या पताका आणि टोप्या वर सरकताना दिसतात. पाऊस भुरभुरत होता. माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता आणि मनात एकच होतं, की सासवडहून एसटी पकडावी.

तंबूत पोचल्यावर आमच्या दिंडीतल्या एक अक्का माझा पाय मांडीवर घेऊन बसल्या. सत्तरीच्या असतील. सुईत पांढरा दोरा ओवला, सुई काडीच्या ज्योतीवर धरली, फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढली, आणि दोरा दोन्हीकडे बोटभर ठेवून कापला. "दोरा काढायचा न्हाई. त्यातनं पाणी झिरपत ऱ्हातं. कातडं तसंच ऱ्हाऊ दे, सकाळी चालशील." मग हळद-तेल लावलं. हे सगळं करताना चौकशी सुरूच होती.

"मालक काय करत्यात?"

"लग्न नाही झालं, अक्का."

मी पुढच्या प्रश्नाची तयारी केली. इतक्या वर्षांची सवय, उत्तरंही पाठ आहेत. अक्का पायाकडेच बघत होत्या.

"बरं. मगाशी घाटात तू म्हणत हुतीस न्हवं? आवाज लागतोय तुजा. उद्या हरिपाठाला म्होरं बस."

विषय संपला. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही, आणि कारण टाच नव्हती.

सासवडला पालखी दोन रात्री असते. सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेऊन आले आणि संध्याकाळी हरिपाठाला पुढे बसले. बसणं वेगळं, म्हणणं वेगळं. वारकरी चालीत पट्टी चढी असते, पुरुषांच्या सोयीने धरलेली, आणि बायकांना त्यात आपली वाट काढावी लागते. मी सांभाळून, तोंडातल्या तोंडात म्हणत राहिले. जेजुरीला तसंच. वाल्ह्याला तसंच. माझ्या कानाला माझाच आवाज कळत होता: वर गेला की चिरतो, खाली भरत नाही, दम पुरत नाही. ज्याला शिकलेला कान आहे त्याला आपला पडलेला गळा फार बोचतो.

नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांना स्नान झालं, आपण सातारा जिल्ह्यात आलो म्हणून आमच्या बायका जरा जास्तच खुलल्या. लोणंदनंतर चांदोबाचा लिंब. तिथलं उभं रिंगण मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, वारीतलं पहिलंच. दोन्ही बाजूंना दिंड्या, मधून अश्व. माउलींच्या अश्वावर स्वार नसतो. तो पुढून निघून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. मीही लावली.

तरडगावच्या मुक्कामी आमच्या दिंडीत हरिपाठ सांगणाऱ्या मावशींचा घसा पार बसला. अक्कांनी काही विचारलं नाही, टाळ माझ्या हातात दिला. मी सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या अभंगात तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, आवाज फाटला. सरळ फाटला. वाटलं, आता थांबावं. पण पखवाज चालूच होता, मागून सगळ्या बायकांनी धृपद उचललं, आणि तेवढ्यात माझा श्वास परत आला. पुढची ओळ मी जरा खालून घेतली. पूर्ण हरिपाठ झाला, सत्तावीस अभंग. शेवटी आवाज गरम झाला होता, आणि खालच्या सप्तकात, जिथे विशीत माझ्याकडे काही नव्हतं, तिथे एक भरीव जागा सापडली. तिचं मला फार नवल वाटलं. हे वय वाया गेलं असं मी धरून चालले होते, आणि गळ्याने त्यात काहीतरी जमवून ठेवलं होतं.

त्यानंतर पंढरपूरपर्यंत रोज संध्याकाळी मी हरिपाठ सांगितला. काही दिवस म्हणावंसं वाटलं, काही दिवस अजिबात नाही. बरडला तंबूत पाणी शिरलं होतं, अंथरुणं भिजली होती, सगळ्यांचे चेहरे उतरले होते. तरी वेळ झाल्यावर कुणीतरी टाळ वाजवला आणि आम्ही उभ्यानेच म्हटला. इच्छा आहे का, हे दिंडीत कुणी कुणाला विचारत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते समाजआरतीने. मुक्कामाला पालखी आली की दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि तो एवढा गजर क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. हरवलं-सापडलं सांगितलं जातं. आणि उद्या पालखी किती वाजता हलणार ते पुकारलं जातं. मग आरती. मी रोज त्या पुकाऱ्याची वाट बघायला लागले. पंढरपूर अजून किती लांब, हे तिथे कुणी बोलत नाही. उद्याची वेळ आणि उद्याचा मुक्काम. अडीचशे किलोमीटर म्हातारी माणसं अशीच चालतात.

माझ्यासारखीच्या घरात नेमका हाच पुकारा नसतो. नवऱ्याचा डबा नाही, मुलांची शाळा नाही, त्यामुळे संध्याकाळी सहानंतरचा वेळ माझा. पण तो अमुक वेळी अमुक ठिकाणी मला हजर राहायला सांगत नाही, आणि मी नाही गेले तर कुणाचं अडत नाही. मी इतकी वर्षं उत्साहाची वाट पाहत होते: तो आला की पेटी खाली काढू. दिंडीत उलट दिसलं. आधी माणसं जमतात, वेळ होते, टाळ वाजतो. उत्साह कधी दुसऱ्या अभंगाला येतो, कधी विसाव्या अभंगाला, कधी येतच नाही, आणि तरी मुक्काम गाठला जातो. सोबत हवीच असते, हे मी नाकारणार नाही. पण सोबत म्हणजे नवराच, हे कुठून ठरलं? माझ्या आवाजाची गरज त्या रात्री तरडगावला वीसेक बायकांना होती.

नातेपुत्यातून मी माझ्या गाण्याच्या बाईंना फोन केला. त्या आता थकल्यात, क्लास त्यांची शिष्या चालवते. मी अडखळत सांगायला लागले, की इतकी वर्षं मध्ये गेली, आता या वयात. बाईंनी मध्येच तोडलं. "मध्यमा पूर्णचं प्रमाणपत्र सापडतंय का बघ. फॉर्मला लागेल." एवढंच बोलल्या आणि आईची चौकशी केली.

वेळापूरचा धावा, म्हणजे पंढरीच्या ओढीने सगळ्यांनी धावत सुटणं, वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येणं, हे डोळ्यांत साठवलं. पंढरपुरात चंद्रभागेचं स्नान झालं. दर्शनाची रांग पाहून आम्ही नामदेव पायरीला डोकं टेकवलं आणि कळसाला हात जोडले. आमच्या दिंडीत बऱ्याच जणी वर्षानुवर्षं असंच करतात आणि त्यांना त्यात काही उणं वाटत नाही. निरोप घेताना मी अक्कांच्या पाया पडले, तर त्या आधी माझ्या पाया पडल्या. वारीत तशीच रीत आहे.

प्रमाणपत्र बाबांच्या ट्रंकेत, एलआयसीच्या कागदांखाली सापडलं. पेटीचे भाते उंदरांनी कुरतडले होते, ते दुरुस्तीला दिले. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझी पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आणली आणि महिनाभर खर्जाशिवाय, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजाशिवाय, काही गायचं नाही असं बजावलं. पहाटे तीन काही जमत नाही, पण साडेपाचला उठते. गल्लीतल्या दोघी जणी गुरुवारी हरिपाठाला येतात, त्यामुळे गुरुवार चुकत नाही. विशारद प्रथमच्या परीक्षेचा फॉर्म नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रासाठी भरला आहे. त्या परीक्षेत कसं होईल याची मला काळजी वाटते, आणि ती काळजी वाटणं मला आवडतं.

मागच्या महिन्यात भावाने एक स्थळ सांगितलं. माणसं चांगली आहेत म्हणाला, मंगळवारी संध्याकाळी येऊ का विचारत होते. मी म्हटलं, मंगळवारी आणि शुक्रवारी माझा क्लास असतो, रविवारी या म्हणावं.